डेटा सेंटरची वीज, पाणी आणि धूर : सार्वजनिक कागदपत्रांतून हिशेब कसा मांडावा

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे, तुर्भे या भागांत, जुन्या रासायनिक आणि अभियांत्रिकी कारखान्यांच्या शेजारी, काही ठिकाणी तर त्यांच्याच जागी, आता डेटा सेंटरच्या, म्हणजे इंटरनेट सेवांमागचे संगणक (सर्व्हर) अहोरात्र चालवणाऱ्या, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. देशातील डेटा सेंटर क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई आणि नवी मुंबई परिसरात आहे. कारखान्याचा धूर दिसतो, सांडपाण्याला वास येतो आणि त्यामुळे तक्रार तरी करता येते; डेटा सेंटर काय वापरते आणि काय बाहेर टाकते हे मात्र रस्त्यावर उभे राहून कळत नाही. ते कागदांतूनच वाचावे लागते, आणि हे कागद एका ठिकाणी नसतात.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या एप्रिल २०२५ मधील अहवालानुसार जगभरातील डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ टेरावॉट-तास, म्हणजे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगातील एकूण विजेच्या हा सुमारे दीड टक्का होतो, आणि २०३० पर्यंत हा वापर ९४५ टेरावॉट-तासांपर्यंत जाईल असा त्या संस्थेचा अंदाज आहे. हे आकडे महत्त्वाचे आहेत, पण त्यांवरून रबाळ्यातल्या रहिवाशाला समोरच्या इमारतीबद्दल काहीच समजत नाही. प्रस्तुत लेख त्या समोरच्या इमारतीबद्दल आहे. गृहनिर्माण संस्थेचा सदस्य, नवखा वार्ताहर किंवा पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी यांना एका डेटा सेंटरची वीज, पाणी, डिझेल आणि उत्सर्जन यांचा हिशेब उपलब्ध कागदांतून कसा मांडता येईल, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

सुरुवात करण्यापूर्वी एक भेद पक्का करून घ्यावा, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. आपल्या हाती येणारा प्रत्येक आकडा तीनपैकी एका जातीचा असतो. पहिला परवानगीचा आकडा, म्हणजे जास्तीत जास्त किती वापरण्याची मुभा आहे. दुसरा दाव्याचा आकडा, म्हणजे कंपनीने स्वतःबद्दल काय सांगितले आहे. तिसरा मोजणीचा आकडा, म्हणजे मीटरवर प्रत्यक्षात किती नोंद झाली आहे. डेटा सेंटरविषयीच्या बातम्यांत हे तिन्ही आकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि त्यामुळे टीकाही खोटी ठरते आणि कौतुकही. वहीत आकडा उतरवताना त्याच्यापुढे त्याची जात, वर्ष आणि तो नेमक्या कोणत्या इमारतीचा आहे, या तीन गोष्टी लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

पहिली पायरी : इमारत आणि तिचे कागदोपत्री नाव निश्चित करणे

फाटकावरची पाटी आणि सरकारी कागदावरचे नाव बहुधा वेगळे असते. जमीन एका कंपनीच्या नावावर, इमारत तिच्या उपकंपनीच्या नावावर आणि आतले सर्व्हर तिसऱ्याच कंपन्यांचे, अशी रचना या व्यवसायात नेहमीची आहे. अनेक ग्राहकांना एकाच इमारतीत जागा आणि वीज पुरवणाऱ्या डेटा सेंटरला कोलोकेशन म्हणतात, आणि अशा इमारतीत वीज कोणाच्या नावावर मोजायची हा प्रश्न कंपन्यांच्या अहवालांत हमखास गुंतागुंत करतो. म्हणून नावापेक्षा प्लॉट क्रमांकाला धरून चालावे. औद्योगिक क्षेत्राचे नाव, प्लॉट क्रमांक आणि गाव एवढे हाती असले की बाकीचे कागद सापडतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात बांधकाम परवानगी देणारी यंत्रणा एमआयडीसी हीच असल्याने पालिकेकडे चौकशी करण्यात वेळ घालवू नये.

दुसरी पायरी : पर्यावरण मंजुरीचा अर्ज वाचणे

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत डेटा सेंटर असा स्वतंत्र प्रकार नाही. ज्या डेटा सेंटरचे एकूण बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असते, ते इमारत आणि बांधकाम प्रकल्पांच्या ८(अ) या नोंदीत बसते. १,५०,००० चौरस मीटरपासून पुढे ८(ब) ही नोंद लागू होते. याचा परिणाम मोठा आहे. या नोंदींतील प्रकल्पांना जाहीर सुनावणीतून सूट आहे, त्यामुळे शेजारच्या रहिवाशांना प्रकल्पाबद्दल विचारण्याची औपचारिक वेळच येत नाही. शिवाय मूल्यांकनाचा साचा मुख्यतः निवासी आणि व्यापारी इमारतींना डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेला आहे.

हा साचा जवळून पाहण्यासारखा आहे. परिवेश या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा आणि कंपनीचे नाव टाकून प्रस्ताव शोधता येतो. राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समितीच्या बैठकीच्या इतिवृत्तात प्रत्येक प्रकल्पाचा एक लांबलचक तक्ता असतो. त्यात पाण्याचे दोन भाग पाडलेले दिसतात, कोरडा हंगाम आणि पावसाळी हंगाम. प्रत्येकात ताजे पाणी किती, त्याचा स्रोत कोणता, शौचालयांसाठी पुनर्वापराचे पाणी किती, बागेसाठी किती, इतकेच नव्हे तर पोहण्याच्या तलावासाठी किती, अशा ओळी असतात. डेटा सेंटरच्या बाबतीत यांतील बहुतेक आकडे किरकोळ असतात, आणि खरी ओळ कूलिंग टॉवरमध्ये, म्हणजे पाण्याची वाफ करून इमारतीतील उष्णता बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेत, रोज भरावे लागणारे पाणी ही असते. ती ओळ कधी ताज्या पाण्याच्या एकूण बेरजेत मिसळलेली असते, तर कधी पाणीसमतोलाच्या स्वतंत्र आकृतीत असते; म्हणून तक्त्यावर न थांबता अर्जाला जोडलेली ही आकृती उघडून पाहावी. हे सगळे आकडे घनमीटर प्रतिदिन या एककात असतात. एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर.

त्याच तक्त्यात थोडे खाली विजेचा भाग येतो. तिथे जोडभार आणि मागणी भार असे दोन आकडे असतात. जोडभार म्हणजे इमारतीत बसवलेल्या सर्व उपकरणांची बेरीज, आणि मागणी भार म्हणजे त्यांपैकी एकाच वेळी जास्तीत जास्त किती वीज घेतली जाईल याचा अंदाज. हिशेबासाठी मागणी भार घ्यावा. जोडभार घेतला तर उत्तर फुगते. त्याखाली ट्रान्सफॉर्मरची संख्या आणि डिझेल जनित्रांची संख्या व क्षमता दिलेली असते. वर्षाला एकूण किती युनिट वीज लागेल, हा डेटा सेंटरबाबतचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र या साच्यात विचारलेलाच नाही. घरांच्या संकुलासाठी त्याची फारशी गरज नसेल. पण जी इमारत अहोरात्र, वर्षाचे ३६५ दिवस वीज ओढते, तिच्यासाठी ही उणीव गंभीर आहे, आणि मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाने डेटा सेंटरसाठी वेगळा साचा करावा ही मागणी प्रत्येक अभ्यासकाने लावून धरण्याजोगी आहे.

मंजुरी मिळाल्यानंतरचा कागद याहून उपयोगी असतो. प्रकल्पधारकाने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल द्यायचा असतो, आणि २००६ च्या अधिसूचनेतच हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज असतील असे स्पष्ट म्हटले आहे. अहवाल संकेतस्थळावर दिसत नसेल तर संबंधित प्राधिकरणाकडे साधा अर्ज करून त्याची प्रत मागता येते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे विभागीय कार्यालय नागपूरला आहे आणि महाराष्ट्रातील प्रकल्पांचे असे अहवाल तिथेही जातात. हा अहवाल वाचताना “अट मान्य आहे” किंवा “पालन केले जाईल” अशा उत्तरांवरून नजर पुढे न्यावी आणि जोडपत्रांतील पाण्याचे, हवेचे व आवाजाचे प्रयोगशाळेतील निकाल शोधावेत. मोजणीच्या जातीचे पहिले आकडे इथेच भेटतात.

तिसरी पायरी : प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ दोन संमती देते, एक उभारणीची आणि दुसरी चालवण्याची. चालवण्याच्या संमतीपत्रात रोजच्या पाणीवापराची मर्यादा, सांडपाण्याचे प्रमाण, प्रत्येक जनित्राची क्षमता व धुराड्याची उंची, आणि वापरलेले तेल यांसारख्या घातक कचऱ्याचे प्रमाण दिलेले असते. हे सगळे परवानगीचे आकडे आहेत, वापराचे नाहीत, हे विसरू नये.

धुराड्याची उंची ही नवख्या माणसाला स्वतः तपासता येण्यासारखी गोष्ट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रानुसार जनित्राची क्षमता केव्हीएमध्ये (किलोव्होल्ट-अँपिअर या एककात) घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला ०.२ ने गुणायचे. जनित्र ज्या इमारतीत आहे तिच्या उंचीपेक्षा धुराडे किमान तितके मीटर वर असले पाहिजे. २,५०० केव्हीएच्या जनित्रासाठी वर्गमूळ ५० येते, म्हणजे या सूत्राप्रमाणे धुराडे इमारतीच्या दहा मीटर वर येते. मोठ्या डेटा सेंटरमध्ये या आकाराची अनेक जनित्रे ओळीने उभी असतात. वीजपुरवठा खंडित झाला नाही तरी ती ठरावीक दिवशी चाचणीसाठी चालवली जातात. पूर्ण भाराला असे एक जनित्र तासाला साधारण पाचशे लिटर डिझेल जाळते, म्हणून जनित्रे वर्षात किती तास चालली याची नोंद हा मागण्याजोगा कागद आहे. बाजूच्या सोसायटीतील लोकांनी काळ्या धुराची आणि आवाजाची तारीख-वेळ लिहून ठेवली, तर ती या नोंदीशी ताडून पाहता येते.

संमतीपत्र घेतलेल्या प्रत्येक उद्योगाने दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला पर्यावरण विवरणपत्र द्यायचे असते. पर्यावरण संरक्षण नियमांतील नमुना क्रमांक पाच म्हणून ते ओळखले जाते. त्यात आदल्या आर्थिक वर्षातील पाण्याचा वापर प्रक्रिया, शीतकरण आणि घरगुती अशा तीन कप्प्यांत द्यावा लागतो. हे विवरणपत्र कंपनीच भरते, त्यामुळे तो दाव्याचा आकडा आहे. तरीही तो एका ठरावीक जागेचा, एका ठरावीक वर्षाचा आणि शीतकरणाचा वेगळा आकडा आहे, आणि इतका नेमका आकडा दुसऱ्या कुठल्याही कागदात सहज मिळत नाही. मला विचाराल तर नवख्याने एकच कागद मिळवायचा असेल तर तो हाच मिळवावा.

चौथी पायरी : कंपनीचे अहवाल कसे वाचावेत

सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल देणे बंधनकारक आहे. त्याचे इंग्रजी लघुरूप बीआरएसआर असे आहे आणि तो वार्षिक अहवालाला जोडलेला असतो. त्यातील सहावे तत्त्व पर्यावरणाचे आहे. तिथे एकूण वीज आणि इंधन, त्यांपैकी नवीकरणीय किती, स्रोतनिहाय पाणी, थेट उत्सर्जन, खरेदी केलेल्या विजेमुळे होणारे उत्सर्जन, ई-कचरा आणि बॅटरी कचरा हे सगळे कोष्टकरूपात मिळते.

या अहवालात सर्वांत आधी पाहायची गोष्ट सहाव्या तत्त्वात नसून पहिल्या पानांवर असते. आकडे फक्त मूळ कंपनीचे आहेत की उपकंपन्या धरून आहेत, हा प्रश्न तिथे विचारलेला असतो. अनेक डेटा सेंटर उपकंपनीच्या किंवा भागीदारीतील कंपनीच्या नावावर असतात. मूळ कंपनीने केवळ स्वतःपुरता अहवाल दिला असेल तर ती इमारत त्या अहवालात नसतेच. ज्या डेटा सेंटर कंपन्या शेअर बाजारात सूचीबद्ध नाहीत, त्यांना तर हा नियम लागूच होत नाही. आणि आकडे एकत्रित असले तरी दूरसंचार मनोरे, कार्यालये आणि डेटा सेंटर यांची वीज एकाच बेरजेत गेलेली असू शकते. म्हणजे इतका तपशीलवार अहवाल हाती असूनही एका इमारतीबद्दल त्यातून काही निघेलच असे नाही, आणि म्हणूनच आधीच्या दोन पायऱ्या टाळता येत नाहीत.

कंपन्यांच्या स्वतंत्र शाश्वतता अहवालांत पीयूई हे गुणोत्तर ठळकपणे छापलेले असते. इमारतीत आलेल्या एकूण विजेला केवळ सर्व्हर आणि संगणकीय उपकरणांनी वापरलेल्या विजेने भागले की ते मिळते. १.५ पीयूई म्हणजे सर्व्हरच्या प्रत्येक युनिटमागे अर्धे युनिट शीतकरण, वीजवहनातील गळती आणि दिवे यांवर खर्च झाले. डेटा सेंटर क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या जागतिक सर्वेक्षणात सरासरी १.५६ होती. एखादी कंपनी १.३ सांगत असेल तर तो आराखड्यातील आकडा आहे की वर्षभर मोजलेला, हे विचारावे. नव्या, अर्ध्या रिकाम्या इमारतीचा प्रत्यक्ष आकडा आराखड्यापेक्षा बराच वाईट असतो.

पीयूई कधीही एकटा वाचू नये, त्याच्या जोडीला डब्ल्यूयूई, म्हणजे सर्व्हरच्या प्रत्येक युनिटमागे किती लिटर पाणी लागले हा आकडा मागावा. कूलिंग टॉवरमध्ये पाण्याचे बाष्पीभवन करून उष्णता बाहेर टाकली तर वीज वाचते पण पाणी जाते. हवेने थंड होणारे चिलर, म्हणजे शीतकरण यंत्रे, वापरली तर पाणी वाचते पण वीज जास्त लागते. मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, त्यामुळे कोरड्या हवेच्या शहरातील आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. एकाच आकड्याची जाहिरात करणारी कंपनी दुसऱ्या आकड्याबद्दल गप्प असेल तर पुढचा प्रश्न तोच असावा. पाणी कुठले, हेही विचारावे. बारवी धरणाचे ताजे पाणी आणि नवी मुंबई महापालिकेच्या ऐरोली व कोपरखैरणे येथील केंद्रांतून मिळणारे प्रक्रिया केलेले सांडपाणी यांत नागरिकाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे, पण डब्ल्यूयूईमध्ये दोन्ही लिटर सारखेच मोजले जातात.

“शंभर टक्के हरित वीज” या दाव्याचीही फोड करावी. उत्सर्जन दोन पद्धतींनी सांगता येते. एका पद्धतीत वापरलेल्या विजेला परिसरातील ग्रिडच्या, म्हणजे वीजजाळ्याच्या, सरासरी उत्सर्जनाने गुणतात, दुसरीत खरेदी केलेल्या हरित विजेची किंवा प्रमाणपत्रांची वजावट करतात. दुसऱ्या पद्धतीने शून्य दिसणारे उत्सर्जन पहिल्या पद्धतीने हजारो टन असू शकते, कारण वर्षाची गोळाबेरीज जुळली तरी रात्री अकरा वाजता सौर प्रकल्पातून वीज येत नसते आणि सर्व्हर तर चालूच असतात. दोन्ही आकडे देणाऱ्या अहवालावर अधिक विश्वास ठेवावा.

पाचवी पायरी : स्वतः गुणाकार करणे

समजा, एका इमारतीची संगणकीय क्षमता २० मेगावॉट जाहीर झाली आहे. पूर्ण क्षमतेने ती क्वचितच चालते, म्हणून उदाहरणापुरता ६० टक्के वापर धरू, म्हणजे १२ मेगावॉट. १.५ पीयूईने एकूण मागणी १८ मेगावॉट होते. वर्षात ८,७६० तास असतात; गुणाकार केला की १,५७,६८० मेगावॉट-तास, म्हणजे सुमारे १५.७७ कोटी युनिट मिळतात. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या सुमारे ६५,७०० घरांची ही वर्षाची वीज आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३-२४ साठी देशाच्या ग्रिडचा उत्सर्जन गुणांक मेगावॉट-तासाला ०.७२७ टन कार्बन डायऑक्साइड असा दिला आहे. त्याने गुणल्यास वर्षाला सुमारे १,१४,६०० टन येतात. डब्ल्यूयूई १.८ धरला तर १२ मेगावॉटच्या संगणकीय भाराला वर्षाला सुमारे १८.९ कोटी लिटर, म्हणजे दिवसाला साधारण ५.२ लाख लिटर पाणी लागेल.

यातली ६० टक्के, १.५ आणि १.८ ही तिन्ही गृहीतके आहेत. गृहीतके लपवून केवळ उत्तर छापणे हा वाचकावर अन्याय आहे, म्हणून त्यांची नोंद उत्तराच्या शेजारीच असावी आणि वापर ४० टक्के धरला तर व ८० टक्के धरला तर काय येते, तेही द्यावे. आता दुसऱ्या पायरीतील मागणी भार आणि तिसऱ्या पायरीतील पाण्याची मर्यादा या उत्तराच्या शेजारी ठेवून पाहावी. तफावत मोठी असेल तर एक तर आपले गृहीतक चुकले आहे, नाही तर कागदात काहीतरी राहिले आहे. दोन्ही शक्यता सारख्याच गांभीर्याने तपासाव्यात.

सहावी पायरी : माहितीचा अधिकार

मोजणीचे आकडे मिळवण्याचा हा मुख्य मार्ग आहे. डेटा सेंटर खाजगी असले तरी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २(च) मध्ये माहितीच्या व्याख्येतच हे येते की, अन्य कोणत्याही कायद्यान्वये सार्वजनिक प्राधिकरणाला खाजगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते, ती माहितीही नागरिकाला मागता येते. पाण्याचे मीटर एमआयडीसीचे, विवरणपत्रे मंडळाकडे, उच्चदाब वीजजोडणी महावितरणची आणि जनित्रांची तपासणी विद्युत निरीक्षकाची. या चारही ठिकाणी वेगवेगळे अर्ज करावेत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांत मांडायचा असल्याने सगळे एकत्र विचारण्याचा मोह टाळावा. शुल्क दहा रुपये आहे आणि राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे.

अर्जाची भाषा कोरडी आणि नेमकी असावी. “डेटा सेंटर किती पाणी वापरते?” असे विचारले तर “माहिती उपलब्ध नाही” असे उत्तर येण्याची शक्यता अधिक, कारण जन माहिती अधिकाऱ्याने उत्तर तयार करून देणे अपेक्षित नाही, असलेला कागद देणे अपेक्षित आहे. त्याऐवजी असे लिहावे : “टीटीसी औद्योगिक क्षेत्र, प्लॉट क्रमांक अमुक, या भूखंडावरील पाणीजोडणीबाबत (१) मंजूर पाण्याच्या प्रमाणाच्या पत्राची प्रत, (२) एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ या काळातील महिनावार मीटर नोंदी व देयके, (३) प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा पुरवठा होत असल्यास त्याच काळातील त्याच्या महिनावार नोंदी.”

उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. कंपनीकडून मिळालेली आणि तिने गोपनीय मानलेली माहिती असेल तर अधिकारी कलम ११ प्रमाणे कंपनीचे म्हणणे मागवतो, आणि बहुधा कलम ८(१)(घ) खाली व्यापारी गुपित म्हणून नकार येतो. इथे पुष्कळ जण थांबतात. थांबू नये. त्याच कलमात व्यापक लोकहितासाठी अशी माहिती देता येते असे म्हटले आहे, आणि कलम १० प्रमाणे गोपनीय भाग वगळून उरलेला कागद देता येतो. नकाराविरुद्ध तीस दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. अपिलात एवढेच मांडावे की, सार्वजनिक धरणातून, सार्वजनिक नळाने दिलेल्या पाण्याचे प्रमाण सांगितल्याने कोणाचेही तंत्रज्ञान उघड होत नाही.

हा युक्तिवाद दुसऱ्या देशात प्रत्यक्ष लढला गेला आहे. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील द डॅल्स या छोट्या शहरात गूगलची डेटा सेंटर किती पाणी वापरतात, हे ‘द ऑरेगोनियन’ या वृत्तपत्राने विचारले. शहराने ते व्यापारी गुपित ठरवून माहिती रोखण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली आणि आकडे बाहेर आले : २०२१ मध्ये सुमारे ३५.५ कोटी गॅलन, म्हणजे जवळपास १३४ कोटी लिटर, शहराच्या एकूण पाण्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक. त्याच सुमारास गूगलने आपल्या डेटा सेंटरच्या पाण्याचे ठिकाणनिहाय आकडे स्वतःहून प्रसिद्ध करायला सुरुवात केली. गुपित उघड झाल्याने कंपनीचे काम थांबले नाही, ही बाब अपिलात नोंदवण्याजोगी आहे.

सातवी पायरी : आकडे जिथे विचारात घेतले जातील तिथे नेणे

विजेच्या दरवाढीच्या याचिकांवर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो, आणि विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६४ प्रमाणे नागरिकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊनच आयोगाला दराचा आदेश काढावा लागतो. डेटा सेंटरची वीज आज औद्योगिक वापरातच मोजली जाते. ती वेगळी दाखवावी, ही लहानशी आणि पूर्णपणे व्यवहार्य मागणी आहे. आयर्लंडचे केंद्रीय सांख्यिकी कार्यालय मीटरच्या नोंदींवरून नेमके हेच करते, आणि त्यामुळे तिथल्या लोकांना ठाऊक आहे की देशाच्या मोजलेल्या वीजवापरात डेटा सेंटरचा वाटा २०१५ मधील ५ टक्क्यांवरून २०२३ मध्ये २१ आणि २०२४ मध्ये २२ टक्क्यांवर गेला. कोणत्याही एका कंपनीचे नाव न घेता हे आकडे जाहीर होतात, तेव्हा गोपनीयतेची सबब इथे लागू पडत नाही.

इमारतनिहाय नोंदणीचा नमुना हवा असेल तर युरोपीय संघाकडे पाहावे. ५०० किलोवॉट किंवा त्याहून अधिक संगणकीय क्षमतेच्या प्रत्येक डेटा सेंटरने वीज, पाणी, पीयूई, डब्ल्यूयूई, नवीकरणीय विजेचा वाटा आणि पुनर्वापर केलेली उष्णता ही माहिती दर वर्षी १५ मेपर्यंत सामायिक नोंदवहीत भरायची असते. पहिली फेरी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. जर्मनीने ही मर्यादा आणखी खाली, ३०० किलोवॉटवर आणली आहे. अर्थात युरोपच्या नोंदवहीत जनतेसाठी देशनिहाय बेरीजच खुली असते, म्हणून तो नमुना जसाच्या तसा उचलू नये. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये ५ मेगावॉटहून अधिक क्षमतेच्या डेटा सेंटरना पायाभूत सुविधेचा दर्जा मिळाला आणि स्वस्त कर्जाची वाट खुली झाली. तीच ५ मेगावॉटची रेषा वार्षिक, इमारतनिहाय आणि सार्वजनिक अहवालासाठी धरावी, असे माझे ठाम मत आहे.

टिपण तयार झाले की प्रसिद्ध करण्यापूर्वी कंपनीला आकड्यांसह लेखी पाठवावे आणि उत्तरासाठी पुरेसे दिवस द्यावेत. आलेले उत्तर, अगदी एका ओळीचे असले तरी, टिपणात घ्यावे. उतरवून घेतलेल्या प्रत्येक कागदाची प्रत तारखेसह स्वतःकडे ठेवावी, कारण संकेतस्थळांची रचना बदलते आणि जुने दुवे मरतात. दिनदर्शिकेत १ जून, ३० सप्टेंबर आणि १ डिसेंबर या तीन तारखांवर खूण करावी आणि त्यानंतरच्या महिन्यात नवे अहवाल मागवावेत. पहिल्या वर्षी बहुतेक रकाने रिकामे राहतील आणि ते तसेच रिकामे दाखवावेत. वापर वाढला की घटला, याबद्दल मात्र त्याच इमारतीचा, त्याच मीटरवरचा दुसऱ्या वर्षाचा आकडा हाती आल्यावरच लिहावे.